मांजर तुझ्याकडे, कागद माझ्याकडे

४ जानेवारी

बारके,

आशीर्वाद लिहितो आहे. घ्यायचे की नाही ते तू ठरव.

अकरा वर्षांपूर्वी तुमच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून तू मला म्हणालीस, "यापुढे आपलं बोलणं बंद." ते मी पाळलं. आईच्या आजारपणात आपण तिच्या खाटेच्या दोन बाजूंना बसलो आणि जे काही बोललो ते आईला मध्ये घालून बोललो. तेही नियमात बसतं. पण लिहिण्याबद्दल त्या दिवशी काहीच ठरलं नव्हतं. मी नीट आठवून पाहिलं आहे. म्हणून हे पत्र.

विषय आईच्या मांजराचा. मृत्युपत्र वकिलांनी वाचलं तेव्हा तू रागाने उठून गेलीस, त्यामुळे शेवटचं पान तू ऐकलं नाहीस. मांजर तुला दिलं आहे आणि मांजराची कागदपत्रं मला. तुझ्यावर कागद सोपवण्यात अर्थ नाही हे आईला ठाऊक होतं. त्या कागदांवर त्याच्या सहा पिढ्या आहेत आणि त्याचं पूर्ण नाव 'रुपेरी शिखराचा सरदार तिसरा' असं आहे. लांब केसांच्या अस्सल जातीचा आहे तो.

आता मुद्द्याचं. जाण्याआधी महिनाभर आईने त्याच्यासाठी मांजरांच्या प्रदर्शनाचा फॉर्म भरून ठेवला होता. त्याचं पहिलंच प्रदर्शन. फॉर्म मंजूर झाल्याचं पत्र परवा आलं. तारीख २२ मार्च. मालक म्हणून आपली दोघांची नावं आहेत. मांजराशिवाय कागदाला किंमत नाही आणि कागदाशिवाय मांजराला आत सोडत नाहीत. आईने शेवटचं म्हणून जे काम हातात घेतलं ते अर्धवट राहू नये असं मला वाटतं. तुला काय वाटतं ते कळव.

मी नियमांचं पुस्तक मागवून वाचलं आहे. सुरुवात म्हणून त्याचं आजचं वजन कळव.

दादा


९ जानेवारी

दादा,

आशीर्वाद घेतले. आईच्या नावावर घेतले, तुझ्या नाही.

वजनमापांच्या खात्यातून तुला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी पहिला प्रश्न वजनाचाच. आमच्या घरी काटा का नाही, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? ह्यांच्या दुकानाच्या काट्याला तूच सील ठोकलंस. मांजर तोलायला आता कुठून आणू?

पण आईचा फॉर्म आहे, म्हणून तोललं. कवळ्या घडवायच्या माझ्या कामात मसाला मोजायला एक छोटा काटा आहे. तो दोन किलोच्या वर जात नाही. म्हणून आधी पुढचा अर्धा तोलला, मागचा अर्धा ह्यांनी हातात धरला. मग उलट. पुढचा भरला एक किलो नऊशे, मागचा दोन किलोला थोडा कमी. मांजर नेमकं कुठे अर्धं होतं यावर माझं आणि ह्यांचं एकमत झालं नाही, त्यामुळे मधलं शंभरेक ग्रॅम दोनदा आलं असेल किंवा अजिबातच आलं नसेल.

आणि तो काही सरदार नाही. आई त्याला 'मेल्या' म्हणायची. त्याला तेवढंच नाव कळतं. आल्यापासून तो कपाटाच्या वर बसून आहे आणि खाली बघताना असा चेहरा करतो की वाटतं, माझ्या कामाची पाहणी करायला तूच आला आहेस.

आईने मांजर मला का दिलं हे मात्र बरोबर कळतं. जिवंत वस्तू तुझ्या हाती द्यायची नाही, एवढी अक्कल तिला होती.

मी तयार आहे. काय करायचं ते लिही.

बारकी


१५ जानेवारी

बारके,

दोन हप्त्यांत तोललेलं वजन मी माझ्या वहीत लिहू शकत नाही. जागा रिकामी सोडली आहे.

पुढे काय करायचं ते लिहितो. रोज सकाळी विंचरणं, मानेपासून शेपटीकडे, एकशे चाळीस फटके. उलट्या दिशेने एकही नाही. विंचरताना निघालेले केस टाकू नकोस. कागदाच्या पुड्या कर, पुडीवर तारीख घाल आणि आठवड्याची पुडी तुझ्या छोट्या काट्यावर तोल. केस वाढत्या प्रमाणात गळत असतील तर वेळीच कळेल. पंधरा दिवसांतून एकदा अंघोळ. पाणी कोमट, कानात कापूस.

सगळ्यात महत्त्वाचं, परीक्षक पांढरा कोट घालून येतात. मांजराला टेबलावर घेतात, दात बघतात, पोट चाचपतात, शेपटीवरून हात फिरवतात. मांजराने ओरबाडलं की कारभार आटोपला. तेव्हा त्याला परक्या माणसांची आणि पांढऱ्या कोटाची सवय लाव. दिवसभर पिंजऱ्यात शांत बसण्याचीही लाव.

मला उंटावरून शेळ्या हाकायच्या नाहीत, म्हणून मीही सराव करतो आहे. सोफ्याची लोकरी उशी रोज विंचरतो. एकशे चाळीस फटक्यांना अकरा मिनिटं लागतात. नवव्या मिनिटाला खांदा भरून येतो, तेव्हा हात बदल.

दादा


२४ जानेवारी

दादा,

उशीचं वाचून हे इतके हसले की यांना पाणी द्यावं लागलं. यांना तुझ्या नावावर हसताना मी अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, म्हणून मीही रागावले नाही.

पिंजरा आणला. मेल्या आत जाईना. दूध ठेवलं, मासा ठेवला, पालथ्या घड्यावर पाणी. मग हे म्हणाले, आधी आपण बसून दाखवू. पिंजरा बऱ्यापैकी मोठा आहे आणि हे तसे किडकिडीत. गुडघे हनुवटीला लावून बसले. मेल्या कपाटावरून उतरला, पिंजऱ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि आत जाऊन यांच्या मांडीवर बसला. आता अडचण अशी की हे आत असल्याशिवाय तो आत जात नाही. रोज थोडं थोडं बाहेर यायचा यांचा विचार आहे. काल एक पाय बाहेर काढला, मेल्याने चालवून घेतलं.

पांढऱ्या कोटाची चिंता करू नकोस. माझ्या कामाच्या खोलीत कवळ्या न्यायला दाताचे डॉक्टर येतात, ते कोट घालूनच येतात. येईल त्याला मी सांगते, कवळी नंतर, आधी हे मांजर उचला आणि याचे दात बघा. पहिल्या डॉक्टरला ओरबाडलं. दुसऱ्याला ओरबाडलं. तिसऱ्याने एवढी गोड हाक मारून जबडा उघडला की मेल्या बघतच राहिला. आता पांढरा कोट दिसला की तो आपणहून टेबलावर चढतो आणि आ करतो. परवा दूधवाला पांढरा सदरा घालून आला, त्यालाही दात दाखवले.

केसांच्या पुड्या जपून ठेवल्या आहेत. दोन भरल्या.

बारकी


६ फेब्रुवारी

बारके,

तेरा दिवस झाले, पत्र नाही. विंचरणं बंद पडलं आहे का? स्पष्ट लिही. बंद पडलं असेल तर पुन्हा सुरू करता येतं, पण लपवलेलं सुधारता येत नाही, असं मी आयुष्यभर दुकानदारांना सांगत आलो.

सरदाराचे चारही बाजूंनी फोटो काढून पाठव.

दादा


१० फेब्रुवारी

दादा,

विंचरणं चालू आहे. काळजी नसावी. सोबत तीन फोटो आहेत. एक समोरून, एक डावीकडून मानेपर्यंत आणि एक उजवीकडून मानेपर्यंत. मागून काढलेला हलला, म्हणून पाठवत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? हवा बदलली की आईसारखेच तुझेही दुखतात ना? तेल लावत जा.

एक सहज विचारते. परीक्षक शेपटी किती बघतात? म्हणजे एखाद्याच्या मांजराची शेपटी मध्येच जरा विरळ असली, तर ते चालतं का? इकडे एक बाई आहेत, त्यांच्या मांजराबद्दल विचारत होत्या.

बारकी


१६ फेब्रुवारी

बारके,

तुझ्या प्रश्नाने समाधान वाटलं. मांजरं पाळणाऱ्या इतर लोकांत तू मिसळू लागलीस आणि बारकाव्यात शिरलीस, याचा अर्थ काम मनावर घेतलं आहेस.

त्या बाईंना सांग की शेपटी फार महत्त्वाची. पुस्तकात दीड पान आहे. शेपटी भरदार हवी, बुंध्यापासून टोकापर्यंत केस सलग हवेत. मध्ये खंड असेल तर मांजर सरळ बाद. त्यांनी घरीच राहावं हे बरं.

गुडघे ठीक आहेत. विचारलंस, बरं वाटलं.

कागदपत्रांबद्दल तू काही विचारलेलं नाहीस, तरी सांगतो, की त्यांची काळजी करायचं कारण नाही. आईने त्यांची एखादी नक्कल काढून तुझ्याकडे असलेल्या तिच्या ट्रंकेत ठेवली होती का? सहज विचारतो.

दादा


१९ फेब्रुवारी

दादासाहेब यांस,

तुमचा मेहुणा लिहितो आहे. मी लिहिलं हे तिला माहीत नाही आणि कळू देऊ नका.

शेपटीची चौकशी कोण्या बाईंची नाही, आमचीच आहे. महिन्याच्या सुरुवातीला ती एका कवळीचा साचा ओतत होती. प्लास्टर कालवून रबरी भांड्यात ठेवलेलं. एक डॉक्टर आत आले, कोट पांढरा, मेल्या दात दाखवायला टेबलावर धावला आणि त्याची शेपटी भांड्यात गेली. ते प्लास्टर पाच मिनिटांत दगड होतं. डॉक्टर तोंडात बघत होते, तो बिचारा आ करून बसला होता, आणि मागे काय चाललं आहे ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. मग तो घरभर फिरायला लागला आणि फरशीवर ठक ठक आवाज येऊ लागला, तेव्हा कळलं.

शेपटीला काही इजा नाही. पण प्लास्टर काढताना मधले चार बोटं केस कापावे लागले. वर झुपका, खाली झुपका, मध्ये उघडी गुलाबी कातडी. ती दोन दिवस जेवली नाही. म्हणते, "आईचं काम माझ्या हातून बुडालं, आणि आता तो म्हणेल, मला माहीतच होतं."

तिसऱ्या दिवशी उठली आणि तुम्ही जपायला लावलेल्या पुड्या काढल्या. कवळी हिरडीला बोचू नये म्हणून आतून मऊ गुलाबी अस्तर लावतात, त्याची तिने शेपटीभोवती बसेल अशी चार बोटं रुंद पट्टी केली. त्या पट्टीत ती एकेक केस चिमट्याने रोवते आहे. मी शेजारी बसून केस लांबीप्रमाणे लावून देतो. दादासाहेब, ही चोरी आहे हे मला कळतं. पण तिच्या हातची ती वस्तू बघितली तर तुम्हीसुद्धा मान डोलवाल.

तुम्ही तपासणीतला माणूस, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं. प्रदर्शनाच्या दिवशी तुम्हाला दिसलं, तर तिथे सगळ्यांसमोर बोलू नका, एवढीच विनंती.

दुकानाचं म्हणाल तर माझ्या मनात काही नाही. काटा अकरा ग्रॅम चुकत होता हे खरंच होतं. गिऱ्हाइकाला अकरा ग्रॅम जास्त जात होतं आणि मला ते माहीत होतं. मला ते बरं वाटायचं, इतकंच.

आपला,
मेहुणा


२४ फेब्रुवारी

मेहुण्यांस,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं.

तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, तेव्हा मलाही लिहायला हवं. पण हे तिला कळता कामा नये.

माझ्याकडे कागदपत्रं नाहीत. जानेवारीत मी ती वंशावळ भिंग घेऊन तपासली. तपासायची काहीच गरज नव्हती. त्यात सरदाराच्या बापाची जन्मतारीख मागच्या सप्टेंबरची घातली आहे. म्हणजे कागदाप्रमाणे मुलगा साडेतीन वर्षांचा झाला, तेव्हा बाप जन्मला. कारकुनाच्या हातून आकडा चुकला, इतकं उघड होतं. गप्प बसलो असतो तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण मला झोप लागेना. मी तो मूळ कागद मांजरांच्या नोंदणी कार्यालयाला दुरुस्तीसाठी पाठवला. त्यांचं उत्तर आलं, की चौकशी पूर्ण होईपर्यंत वंशावळ स्थगित. माझ्या हाती फक्त कागद पोचल्याची पावती आहे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिच्याकडून मांजराचे चार बोटं केस गेले, माझ्याकडून त्याच्या सहा पिढ्या गेल्या.

काट्याच्या दिवशीही मला दिसलं होतं, की चूक गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. नियमात बाजू लिहिलेली नसते, म्हणून मी सील केलं. ते मला अजून बरोबर वाटतं. पण दुसऱ्या दिवसापासून तुमच्या दुकानावरून जाणारी वाट मी सोडली, तेव्हा तितकंसं बरोबर वाटत नसावं.

शेपटीबद्दल मी बोलणार नाही.

दादा


४ मार्च

दादा,

सगळी तयारी झाली. मेल्या एकटा पिंजऱ्यात बसतो. यांना मात्र सवय लागली आहे, दुपारी पेपर घेऊन आत जातात.

हल्ली यांचं काहीतरी बिनसलंय. मी शेपटी हा शब्द काढला तर यांना ठसका लागतो, कागदपत्रं म्हटलं तरी ठसका. डॉक्टरला दाखवायला हवं.

बावीसला सकाळी दहा वाजता सभागृहाच्या दाराशी भेटू. तू कागद घेऊन ये. बोलायची सक्ती नाही.

बारकी


२६ मार्च

बारके,

तू अंगणात निघून गेल्यावर आत काय झालं, ते तू त्या दिवशी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. रीतसर कळवणं माझं काम आहे.

दाराशी मी कागदांऐवजी नोंदणी कार्यालयाची पावती दाखवली, हे तू पाहिलंस. तिथल्या मुलीने 'तात्पुरता प्रवेश' असा शिक्का मारला. कारण मेहुण्यांनी आता तुला सांगितलं असेल. ते माझ्या अतिशहाणपणामुळे झालं.

टेबलावर सरदाराचं वागणं नमुनेदार होतं. परीक्षक बाईंचा पांढरा कोट दिसताच तो स्वतः वर चढला आणि त्याने तोंड उघडलं. बाई शेजारच्या मदतनीसाला म्हणाल्या की तीस वर्षांत कुठल्या मांजराने त्यांना आपणहून दात दाखवले नव्हते. त्यांनी चष्मा बदलून सगळे दात पाहिले. पोट चाचपलं. मग शेपटीवरून हात फिरवला, तो शेवटपर्यंत आला आणि तुझी पट्टी त्यांच्या मुठीत आली. इथपर्यंत तू होतीस.

नंतर थोडी विचारपूस झाली. शेपटीच्या कारणावरून सरदार बाद ठरला. समितीचं एक पत्र मला आलं आहे, ते किरकोळ आहे.

दुसरी गोष्ट लिहावी की नाही यावर मी दोन दिवस घालवले. पट्टी तपासणीसाठी हातोहात फिरली. तीन मांजरांच्या मालकांनी नंतर मला गाठून, ती कुणी केली, असं हळूच विचारलं आणि आपले पत्ते माझ्या खिशात घातले. एकाच्या मांजराचा कान नीट नाही. हे पत्ते मी फाडायला हवे होते. सोबत जोडले आहेत.

अंगणात बाकावर बसल्यावर तू मला "घाम पूस" म्हणालीस. तू बोललीस, म्हणून मी "हो" म्हणालो. नंतर तुमची बस आली. मला आणखी बोलायचं होतं, पण काय ते सुचलं नाही.

दादा


१ एप्रिल

दादा,

तुझं 'किरकोळ' पत्र काय आहे ते मला कळलं आहे. हे महिनाभर आपल्या दोघांची गुपितं पोटात घेऊन फिरत होते. काल जेवता जेवता मी म्हटलं, दादाने तिथे नियमांचं पुस्तक काढून माझी चूक वाचून दाखवली असेल. तेव्हा यांनी ताट बाजूला सारलं आणि सगळं सांगितलं.

मी पळाले, ते तुझं तोंड बघवणार नाही म्हणून. आईच्या मांजराची फजिती झाली याची लाज नव्हती, तुझ्या चेहऱ्याची भीती होती. आणि मागे तू परीक्षक बाईंसमोर उभा राहून म्हणालास, "हे मी केलं. माझ्या बहिणीला यातलं काही माहीत नाही."

हे सांगत होते, की तू ते अगदी साक्ष देतात तशा आवाजात म्हणालास. बाईंनी विचारलं, कशाने केलंत. तू म्हणालास, गोंदाने. त्यांनी विचारलं, आणि केस कसे बसवले. तू म्हणालास, "एकेक करून, गोंदाने." मग त्यांनी तुझे हात पुढे करायला सांगितले, तुझी ती जाड बोटं बघितली आणि म्हणाल्या, "या हातांनी सुईत दोरा जाईल का हो?" तर तू म्हणालास, "नियमाप्रमाणे मी कबूल केलं आहे. तुम्ही लिहून घ्या."

आणि त्यांनी तुझं नाव लिहून घेतलं. तीन वर्षं कुठल्याही प्रदर्शनात पाऊल ठेवायला बंदी. तुझ्या नावापुढे खोटेपणाचा शेरा. तुझ्या.

हे म्हणतात, बाई गेल्यावरही तू रिकाम्या टेबलाशीच उभा होतास, म्हणून यांनी तुझ्या हातातली पिशवी घेतली.

दादा, अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, की माझ्या भावाला खरं बोलता येतं आणि दुसरं काहीच येत नाही. ते अर्धं बरोबर होतं. इतकं वाईट खोटं मी आजवर ऐकलं नाही. गोंद? मी चौदा वर्षांची असल्यापासून दात घडवते, माझ्या कामाला कुणी गोंद म्हटलेलं मी सहन केलं नसतं. पण काल यांचं सांगून झाल्यावर मी कामाच्या खोलीत गेले आणि दार लोटून, कोट चढवून कामाला बसले. मेल्या आला, त्याने माझा पांढरा कोट पाहिला आणि माझ्यासमोर आ करून बसला. मग रडताही येईना.

ते पत्ते मी फाडले. दोन फाडले. कान नीट नसलेल्या मांजराला मी लिहिलं आहे, प्रदर्शनासाठी नाही, थंडीत कानाला वारा लागतो म्हणून.

बोलणं मीच बंद केलं होतं, सुरूही मीच करते. हे पत्र पोचेल त्या सुमारास तुला फोन करणार आहे. काय बोलायचं ते मलाही सुचलेलं नाही. तू काहीही सांग, वजनमापाचं सांगितलंस तरी ऐकेन.

बारकी


१२ जुलै

बारके,

काल फोनवर तासभर बोललो, तरी हे लिहूनच कळवतो, कारण बोलताना तू हसत सुटशील आणि मग मला क्रम सांभाळता येणार नाही.

आज नोंदणी कार्यालयातून दुरुस्त केलेली वंशावळ आली. लाल शिक्का, दोन सह्या, नवा कागद. त्यांनी चौकशी पूर्ण केली आहे. बापाची जन्मतारीख त्यांनी बरोबर धरली. बाप किमान वर्षाचा असल्याशिवाय त्याला पिल्लू होऊ शकत नाही, असा त्यांचा नियम आहे. त्या हिशेबाने त्यांनी मुलाची तारीख पुढे सरकवली. म्हणजे कागदावर सरदाराचा जन्म येत्या १९ सप्टेंबरला होणार आहे.

मी कागद उलटा करून पाहिला, मागे काही खुलासा असेल म्हणून. नाही.

पुढच्या मार्चमध्ये प्रदर्शन आहे. तेव्हा कागदाप्रमाणे तो सहा महिन्यांचा असेल आणि पिल्लांच्या गटात बसेल. शेपटी तोवर भरून येईल. चार किलोचं पिल्लू जरा थोराड दिसेल, पण पिल्लांच्या गटाला वजनाची अट नाही. मी पुस्तक तीनदा वाचलं.

चूक त्यांना कळवायला मी टेबलाशी बसलो. तारीख घातली, विषय घातला, 'महोदय' लिहिलं. मग उठलो, चहा करून प्यायलो, परत येऊन बसलो. तोच कागद आता तुला लिहायला घेतला आहे. वरच्या ओळी खोडलेल्या दिसतील, त्या त्यांच्या आहेत.

फॉर्म भरून ठेवतो. मालक म्हणून तुझं एकटीचंच नाव घालतो, कारण मला आत येता येणार नाही. मेहुणे पिंजरा उचलतील. मी अंगणातल्या त्या बाकावर बसेन. झालं की बाहेर ये आणि सगळं मला सांग, पहिल्यापासून, काही न गाळता.

दादा